वाक्याच्या शेवटचं ‘नाही’: मुलाखती टाइप करणारं सॉफ्टवेअर आणि शब्दाची वेळ

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘आम्ही दगड मारले’ आणि ‘आम्ही दगड मारले नाहीत’ या दोन वाक्यांत फरक फक्त एका शब्दाचा आहे आणि तो बोलायला अर्धा सेकंदही पुरतो. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधीच येऊन जातो, ऐकणारा लगेच सावध होतो. आपल्याकडे मात्र शेवटपर्यंत थांबावं लागतं. रेकॉर्डिंगमधून एखादं वाक्य कापताना कात्री अर्धा सेकंद अलीकडे पडली, तर बोलणाऱ्याने नाकारलेली गोष्ट त्याने कबूल केल्यासारखी ऐकू येते.

बोललेलं लिहून देणारी सॉफ्टवेअर आता प्रत्येकाच्या मोबाईलपर्यंत पोचली आहेत, म्हणून हा विषय. ही सॉफ्टवेअर नुसता मजकूर देऊन थांबत नाहीत. कोणता शब्द कितव्या सेकंदाला सुरू झाला आणि कितव्या सेकंदाला संपला, हेही ती नोंदवतात. या नोंदीच्या जोरावर व्हिडिओखाली अक्षरं उमटतात, मजकुरातल्या शब्दावर बोट ठेवलं की रेकॉर्डिंग तिथून वाजतं, आणि एखादी ओळ निवडली की तेवढीच क्लिप आपोआप कापून मिळते. यातली शेवटची सोय आम्हाला सगळ्यात धोक्याची वाटते. कारण क्लिप कापणारा कार्यकर्ता आता ऐकत नाही, तो वाचतो. पडद्यावर ‘नाहीत’ दिसत असतं म्हणून क्लिपमध्येही ते आलं असणार, असं तो धरून चालतो.

सॉफ्टवेअरने शब्द बरोबर ओळखला का, यावर सगळे बोलतात. वेळ बरोबर लावली का, हे कोणी विचारत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मजकूर अगदी शुद्ध असतो, एकही चूक सापडत नाही, आणि तरीही शब्दांच्या वेळा सरकलेल्या असतात.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मुलाखतींचं काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांसाठी हा प्रश्न तांत्रिक कुतूहलाचा नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले. १९९३ साली नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. १९७८ साली जे विशीत होते ते आज सत्तरीकडे झुकलेत. त्यांनी जे पाहिलं त्यातलं बरंचसं कोणत्याही कागदावर नाही, फक्त त्यांच्या तोंडी आहे. ते मोबाईलमध्ये उतरवून घेणारी आपली पिढी शेवटची असणार. अशा रेकॉर्डिंगमधला अर्धा मिनिट कापून जयंतीच्या आधी ग्रुपवर टाकणं आता फार सोपं झालंय.

नकाराइतकीच दुसरी जागा धोक्याची आहे. दुसऱ्याचं बोलणं सांगताना मराठी माणूस आधी ते बोलणं सांगतो आणि ‘असं ते म्हणाले’ हे मागून जोडतो. ‘ह्यांना गावात ठेवायचं नाही, असं पाटील म्हणाले’ या वाक्यातला शेवटचा भाग गेला, की धमकी ऐकणाराच धमकी देणारा ठरतो. ‘म्हणे’ या एका शब्दाचंही तसंच. ‘त्यांनी आधी शिवीगाळ केली म्हणे’ ही ऐकीव गोष्ट आहे. ‘म्हणे’ कापला गेला की ती डोळ्यांनी पाहिलेली साक्ष होते. आपल्या भाषेत जबाबदारीचे शब्द वाक्याच्या शेपटीला असतात, आणि यंत्राची चूक नेमकी शेपटीलाच जास्त होते.

असं का होतं, ते समजण्यासाठी यंत्र वेळ कशी ठरवतं ते पाहावं लागेल.

जुनी पद्धत सरळ होती. आवाजाचे १० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कोणता ध्वनी आहे ते ओळखायचं. मजकूर आधीच माहीत असेल तर काम आणखी सोपं. काय बोललंय ते ठाऊक आहे, फक्त कुठे बोललंय ते शोधायचं. याला फोर्स्ड अलाइनमेंट म्हणतात, आपण जुळणी म्हणू. २०१७ साली आलेलं मॉन्ट्रियल फोर्स्ड अलायनर हे यातलं नावाजलेलं मोफत साधन. तंत्र जुनं आहे, पण वेळेच्या बाबतीत आजही विश्वासाचं.

नवी पद्धत वेगळी आहे. ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. आज मिळणारी कितीतरी मोफत सॉफ्टवेअर त्याच्यावरच उभी आहेत. व्हिस्पर एका वेळी ३० सेकंदांचा आवाज घेतं, त्याचे २० मिलिसेकंदांचे १५०० कप्पे करतं आणि मजकूर लिहीत जातं. वाक्याचा तुकडा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे लिहायला ते शिकलेलं आहे. प्रत्येक शब्दाची वेळ मात्र त्याला थेट शिकवलेली नाही. ती मागाहून काढली जाते: अमुक शब्द लिहिताना मॉडेलचं लक्ष आवाजाच्या कोणत्या भागावर जास्त होतं, ते पाहून. सभेत टिपणं घेणाऱ्याची मान कुठे वळली यावरून कोण बोलत होतं हे ठरवावं, तसा हा प्रकार. बहुतेक वेळा अंदाज जमतो. जमला नाही तर ते कळायला मार्ग नसतो, कारण पडद्यावर तो अंदाजही ‘१२:०४.३६०’ असा तीन दशांशांपर्यंत नेमका छापून येतो. आकडा बारीक दिसला म्हणून मोजमाप बारीक झालं असं नव्हे. समाजशास्त्राच्या संशोधन पद्धतीच्या पेपरात हे आपण पाठ केलेलं असतं, मोबाईल हातात आला की विसरतो.

तिसराही एक प्रकार आहे, सीटीसी नावाचा. यातलं मॉडेल प्रत्येक अक्षरासाठी एका क्षणी टोकदार खूण करतं आणि बाकीचा वेळ रिकामा म्हणून सोडून देतं. अक्षर ऐकलं एवढं त्याला कळतं. ते किती वेळ चाललं, याची त्याला गरजच नसते. त्यामुळे शब्दाचा शेवट प्रत्यक्षापेक्षा अलीकडे दाखवला जाऊ शकतो. ‘नाही’मधली लांबलेली ‘ही’ मग क्लिपच्या बाहेर राहते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. दोन जाणकार माणसं हेडफोन लावून हाताने शब्दांच्या सीमा आखायला बसली, तरी त्यांच्यातही साधारण २० मिलिसेकंदांचा फरक पडतोच. तेवढ्यावरून यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. माणूस साधारणपणे सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो. म्हणजे घोळ सुरू होतो तो दोनशे, तीनशे, पाचशे मिलिसेकंदांच्या चुकीपासून.

आता आपल्या बोलीकडे येऊ. व्हिस्परला शिकवण्यासाठी ६,८०,००० तासांचा आवाज वापरला होता आणि त्यातले सुमारे ४,३८,००० तास एकट्या इंग्रजीचे होते. बाकीच्यात जगभरच्या भाषा. मराठीच्या वाट्याला काय आलं असेल याची कल्पना यावरून येते, आणि जी आली ती मराठी तरी कुणाची? देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडतं, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, नांदेड शहरात दखनी. ‘काय करायलास’, ‘शाळंला जायलाव’, ‘पोरं बसायलेत’ ही आमच्याकडची रोजची क्रियापदं. बातम्यांच्या आणि पुस्तकांच्या मराठीवर घडलेलं यंत्र ‘जायलाव’ ऐकून ‘जायला’ लिहितं आणि उरलेल्या ‘व’चं काय करायचं ते त्याला समजत नाही. मग तो आवाज पुढच्या शब्दाच्या खात्यात जातो. शब्द चुकला की त्याची वेळ चुकतेच, शिवाय शेजारच्या बरोबर शब्दाचीही चुकते.

त्यात लिपीचा भाग आहे. संगणकात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट घेते. इंग्रजी अक्षर एकच घेतं. ‘नामांतर’ या शब्दात सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. इंग्रजीला धरून बनवलेल्या शब्दतुकड्यांच्या यादीत इंग्रजी शब्द बहुधा अख्खा सापडतो, मराठी शब्दाचे मात्र बारीक तुकडे पडतात. ते सांधून शब्दाची वेळ काढायची, म्हणजे चुकायला जागाही तेवढ्याच जास्त. वर आपली भाषा प्रत्यय चिकटवणारी. ‘वस्तीतल्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच शब्द होतील. वेळेचा एकच डबा एवढा मोठा असला की आतलं ‘सुद्धा’ कुठे उच्चारलं ते सापडत नाही.

यंत्र कुणाचं बोलणं ऐकायला शिकतं, हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली होती. गोऱ्या बोलणाऱ्यांच्या बाबतीत चुकीच्या शब्दांचं प्रमाण सरासरी १९ टक्के होतं, काळ्या बोलणाऱ्यांच्या बाबतीत ३५ टक्के. कारण बोलीभाषेच्या व्याकरणापेक्षा उच्चारात होतं, आणि त्या उच्चारांचा आवाज यंत्राच्या शिकवणीत पुरेसा नव्हता. वस्तीतली बोली आणि सदाशिव पेठेची बोली यांच्यात यंत्र असाच भेद करत असेल का, याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. पण त्यासाठी आपल्या बोलीचं नीट लिहिलेलं आणि वेळ लावलेलं रेकॉर्डिंग लागेल, आणि ते तयार करणं आपल्याच हातात आहे.

आता शांततेबद्दल. जुनं दुःख सांगताना माणूस थांबतो. आजी पदर डोळ्यांना लावतात, पाण्याचा घोट घेतात, कधी मिनिटभर काहीच बोलत नाहीत. आपल्याला ती शांतता कळते. यंत्राला ती मोकळी जागा वाटते आणि काही वेळा ते तिथे स्वतःचे शब्द भरतं. २०२४ च्या एका अमेरिकी अभ्यासात व्हिस्परने केलेल्या लिखाणातल्या सुमारे १ टक्का तुकड्यांमध्ये मुळात कुणीच न बोललेली वाक्यं सापडली. अशा तुकड्यांपैकी ३८ टक्क्यांत ती वाक्यं हिंसा, खोटे संबंध किंवा खोटा अधिकार सुचवणारी, म्हणजे उघड अपाय करणारी होती. बोलण्यात जास्त विराम असणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक घडलं. अत्याचाराची साक्ष देणारी व्यक्ती याच गटात मोडते. आणि यंत्राने रचलेल्या वाक्यालाही सुरुवात-शेवटाची वेळ छापलेली असते, बरं का! वेळ आहे म्हणजे आवाज असणारच, असं धरून चालता येत नाही.

गाण्यांची गोष्ट वेगळी. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांना संगणकाची जोड दिली, आणि आज तो संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर खुला आहे. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी गायलेल्या. ओवी लिहिताना दोन-चार ओळींत मावते. गाताना तीच ओळ फिरून येते, अर्ध्यावर सोडून पुन्हा धरली जाते, मधे ‘गं बाई’ येतं. जुळणी करणारं यंत्र लिहिलेल्या क्रमाने शब्द शोधत जातं. दुसऱ्यांदा आलेल्या ओळीचं काय करायचं, त्याला सांगितलेलंच नसतं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर किंवा बुद्धवंदनेवर शब्द उजळत जाणारे व्हिडिओ करणाऱ्या मुलांना हा त्रास माहीत आहे. तिथे वेळ हातानेच लावावी लागते, दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही. आधी गायल्याप्रमाणे, पुनरावृत्तीसकट सगळा मजकूर लिहून काढला तर काम थोडं हलकं होतं.

काही घोटाळ्यांत सॉफ्टवेअरचा दोषच नसतो. मोबाईल व्हिडिओ घेताना दर सेकंदाची चित्रसंख्या कमीजास्त करतो. दुसऱ्या यंत्रावर नेल्यावर आवाज आणि चित्र हळूहळू दूर जातात. हजारात एक एवढाच फरक असला तरी तासाच्या शेवटी तो ३.६ सेकंदांचा होतो. सुरुवातीला सगळं बरोबर, शेवटी तीन वाक्यं इकडची तिकडे. म्हणून तपासायचं तर फाइलच्या शेवटाकडून तपासावं.

हे सगळं कोर्टापर्यंत पोचतं का? पोचतं, आणि आपल्या मराठवाड्याचंच उदाहरण आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर स्वीकारला गेला का, यावर वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणातली वेळ हाच त्यात कळीचा मुद्दा होता. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये अर्जुन खोतकर यांची निवड रद्द केली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात खोतकरांचं अपील फेटाळलं आणि त्याच वेळी सांगितलं, की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. आज देशभरातले वकील हा निकाल सांगतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे आणि त्याच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य भरावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. एक सेकंद कापलात, आवाज थोडा वाढवलात, तरी ठसा बदलतो.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कार्यकर्त्यांनी आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५क च्या पोटकलम १० नुसार या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या सगळ्या कार्यवाहीचं व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवं. ही तरतूद जितकी अमलात येईल तितके तासन् तास चित्रीकरण साचेल, आणि ते लिहून काढायला कुणीतरी यंत्र वापरणारच. पीडिताच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाने त्या लिखाणातल्या शब्दापुढची वेळ पाहून मूळ चित्रीकरण स्वतः ऐकावं. पुरावा रेकॉर्डिंग असतं. लिखाण ते शोधायची सोय आहे.

मग करायचं काय? सॉफ्टवेअर टाकून द्या असं आमचं म्हणणं नाही. तासाभराच्या मुलाखतीचा पहिला कच्चा मजकूर यंत्राकडून घ्यायला काहीच हरकत नाही, पाठदुखी वाचते. भारत सरकारच्या २०२२ साली सुरू झालेल्या भाषिणी उपक्रमात आणि आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाच्या कामात मराठीचं तंत्रज्ञान मोफत मिळतं, तेही वापरून पाहावं. पण कच्चा मजकूर आल्यावर लगेच क्लिपा पाडायला बसू नये. आधी बोली ओळखणाऱ्या माणसाने ऐकत ऐकत तो दुरुस्त करावा. ‘जायलाव’ला ‘जात आहे’ करू नये, जे बोललंय तेच लिहावं, कारण यंत्र उच्चाराशी जुळवणार आहे, शुद्धलेखनाशी नाही. मग दुरुस्त मजकूर आणि आवाज यांची नव्याने जुळणी करावी. बराचसा घोळ या एका क्रमबदलाने जातो.

यानंतर क्लिप कापायची असेल तर मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटीत फाइल उघडावी आणि आवाजाच्या लाटा डोळ्यांनी पाहाव्यात. काप शब्दाच्या मधे किंवा शब्दाला लागून नको, लाट सपाट होते तिथे हवा. यंत्राने सांगितलेल्या शेवटापुढे निदान एक सेकंद आणखी ऐकावं. वाक्यात क्रियापद आलं आणि लगेच काप आहे, तर तिथे थांबून पुढे ‘नाही’, ‘नव्हतं’, ‘म्हणे’, ‘असं ते म्हणाले’ यातलं काही आहे का ते पाहावं. संशोधन करणाऱ्यांनी एलान शिकून घ्यावं. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात मुलाखत घेणाऱ्याची ओळ वेगळी, देणाऱ्याची वेगळी ठेवता येते. दोघं एकदम बोलतात तिथे यंत्राची वेळ सगळ्यात जास्त घसरते, म्हणून हे वेगळं ठेवणं कामाचं आहे. विरामही लिहावेत: ‘(८ सेकंद शांत)’ एवढं पुरतं.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. ज्या दिवशी रेकॉर्डिंग झालं त्याच दिवशी तिची प्रत काढून हॅश मूल्य वहीत तारखेसह लिहून ठेवायचं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या व्हिडिओला मूळ म्हणू नये, तो वाटेत दाबून लहान केलेला असतो.

साक्ष संवेदनशील असेल तर ऑनलाइन संकेतस्थळावर फाइल चढवू नये. व्हिस्पर आपल्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं, जुन्या लॅपटॉपवर हळू चालतं इतकंच. गावात अजून त्याच माणसांशेजारी राहणाऱ्या बाईचा आवाज कुठल्या सर्व्हरवर जातोय, हे तिला माहीत असायला हवं. आणि क्लिप ग्रुपवर टाकायच्या आधी ती बोलणाऱ्यालाच ऐकवावी, मोबाईल त्यांच्या कानाशी धरून. आपण काय म्हणालो होतो ते त्यांना आठवत असतं. ‘पुढचं कुठं गेलं रं बाबा?’ असं त्यांनी विचारलं, तर काप चुकलाय.